व्ह्यूतला जुना पत्ता

दाजी, म्हणजे माझ्या ताईचा नवरा, रुग्णवाहिकांच्या कंट्रोल रूममध्ये माझा साहेब आहे. घरी दाजी, ऑफिसात सर. आता दोन्ही म्हणताना जीभ विटाळते.

डेटाबेसमधल्या 'पत्ता' या रकान्याचं नाव त्यांनी बदलून 'जुना पत्ता' केलं आणि 'पत्ता' नावाचा नवा रकाना जोडला. घर बदललेल्या रुग्णांचे नवे पत्ते त्यात भरले. ड्रायव्हरच्या स्क्रीनला पत्ता पुरवतो तो व्ह्यू, म्हणजे डेटाबेसला कायमचा शिकवून ठेवलेला प्रश्न. तो तपासायची तसदी कोण घेणार? "व्ह्यू बनवायच्या माझ्या फाइलीत 'पत्ता' असंच लिहिलंय," म्हणाले आणि चहाला गेले.

अहो, डेटाबेस तुमची फाइल उराशी धरून बसतो थोडाच? तो ती एकदा वाचतो, कोणता रकाना हवाय ते मनात धरतो आणि तुमचे शब्द फेकून देतो. पुढे त्या रकान्याचं नाव काहीही करा, तो त्यालाच चिकटून राहतो. विचारलं की आपल्या भाषेत नव्याने लिहून दाखवतो. मी विचारलं तेव्हा त्याने सरळ लिहून दिलं: घ्यायचा 'जुना पत्ता', दाखवायचा 'पत्ता' म्हणून.

पण मला विचारायची बुद्धी झाली ती सगळं होऊन गेल्यावर. ड्रायव्हरकाका स्क्रीनवरच्या पत्त्यावर गेले आणि कुलूप लावलेलं दार बडवत राहिले. ज्यांना आणायचं होतं ते आजारी आजोबा केव्हाच मुलीकडे राहायला गेले होते. तिथे वाट बघता बघता तिच्या मांडीवर त्यांनी जीव सोडला.

मी दाजींना चूक दाखवली. त्यांनी मान हलवली, केबिनचं दार लावलं आणि तीच फाइल पुन्हा चालवली. आता 'पत्ता' म्हटल्यावर डेटाबेसला नवा रकाना सापडला. झाला व्ह्यू धुतल्या तांदळासारखा.

चौकशीला डॉक्टरबाई बसल्या होत्या. दाजींनी तो व्ह्यू प्रोजेक्टरने भिंतीवर दाखवला. "पत्ता बरोबरच जातोय, मॅडम. काका आजोबांना पूर्वी त्या घरून आणायचे ना, सवयीने गेले असतील. वय झालंय त्यांचं." आवाज अगदी गोड.

काकांनी भिंतीकडे पाहिलं. "असेल," ते म्हणाले. "माझंच वाचायला चुकलं असेल."

मग मात्र माझ्याने राहवेना. त्या दिवशीचा बॅकअप, म्हणजे डेटाबेसची तेव्हाची जशीच्या तशी प्रत, मी वेगळा काढून ठेवला होता. तो उघडला आणि डेटाबेसने लिहिलेली ओळ भिंतीवर लावली. "काका, स्क्रीनने सांगितलं तिथेच तुम्ही गेलात," मी म्हणालो.

"ताईचा तरी विचार कर," दाजी कानाशी पुटपुटले. तिचाच करत होतो. या माणसासमोर बसून ती रोज जेवते.

डॉक्टरबाई काकांना म्हणाल्या, तुमची नोकरी जाणार नाही.

"नोकरीचं नंतर बघू," काका म्हणाले. "त्यांची मुलगी मला म्हणाली, तुम्ही माझ्या बापाला मारलंत. आधी तिला फोन करा."

डॉक्टरबाईंनी फोन दाजींपुढे सरकवला. दाजींनी तो माझ्यापुढे सरकवला.

"तू लाव ना," ते म्हणाले. "तू छान समजावून सांगतोस."