छोट्या बॅटरीची परीक्षा

बॅटरी घ्यायची तर सगळ्यात मोठी, यावर ताई अडून बसल्या होत्या. आणि ताई एकदा अडून बसल्या की त्यांना हलवणं भल्याभल्यांना जमत नसे.

त्यांचं कारण काही खोटं नव्हतं. घशाच्या ऑपरेशनमध्ये ज्यांचा आवाज कायमचा जाणार, त्यांचा आवाज आधीच टिपून ठेवायचा, हे ताईंचं काम. पुढे त्या माणसाने बटणं दाबली की यंत्र त्याच्याच आवाजात बोलायचं. हे सगळे आवाज आतल्या खोलीतल्या चार सर्व्हरवर असत. मागे एका ट्रकचालकाचं शेवटचं रेकॉर्डिंग चालू असताना वीज गेली आणि फाइल लिहिता लिहिता तुटली. ती उघडत नाही हे कळलं तेव्हा ऑपरेशन होऊन गेलं होतं. त्याच्या बायकोला ते ताईंनाच सांगावं लागलं होतं.

सर्व्हर सांभाळायची त्यांची भावजय, धाकट्या भावाची बायको. बोलायला मोजकी. विक्रेता मोठ्या बॅटरीचं कौतुक करत होता, वीज गेली तरी दुपारभर काम चालेल म्हणत होता. तिने ते शांतपणे ऐकून घेतलं, आतल्या खोलीचा एसी बंद केला, दार लावलं आणि सगळ्यांसाठी चहा टाकला. चहा झाला, त्यावरच्या गप्पा झाल्या, तोवर आत सर्व्हरचे पंखे बोंबलायला लागले होते.

“एसी काही या बॅटरीवर चालायचा नाही,” ती म्हणाली. “बॅटरी दुपारभर पुरेल हो, पण सर्व्हर त्याआधीच भाजून निघतील.”

विक्रेत्याने कप खाली ठेवला.

“आपण छोटी घेऊ, ताई. वीज गेली की ती सर्व्हरना कळवते, आवरा आता. मग ते हातातलं लिहून पुरं करतात आणि एकामागून एक नीट बंद होतात. चालू रेकॉर्डिंग लिहिणारा सगळ्यात शेवटी.”

“बंद पडू नयेत म्हणून बॅटरी आणायची आणि तू त्यांना बंद व्हायला शिकवणार? बरी आहेस की.”

“मागच्या वेळी बंद झाले म्हणून नाही बिघडलं. अर्धवट बंद झाले म्हणून बिघडलं.”

मनातून ताईंना हे पटलं होतं. पण लगेच कबूल करतील तर त्या ताई कसल्या. छोटी बॅटरी परीक्षेपुरती आणवली, रिकाम्या सर्व्हरवर वीज तोडून पाहिली, सगळं सुरळीत झालं. तरी त्यांचं तुणतुणं चालूच होतं.

“माणूस बोलत असताना वीज जाऊ दे, मग बघू. आणि तसलं काही मी कुणाच्या जिवावर करू देणार नाही.”

“माझ्या बाबांवर करा,” भावजय म्हणाली.

भावजयीचे वडील बाजारात लिलाव पुकारायचे. पुकारून पुकारून आवाज कमावलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं घशाचं ऑपरेशन होतं, म्हणून ते शेवटच्या रेकॉर्डिंगला आले होते. आधीच्या दिवसांचं रेकॉर्डिंग दुसरीकडे उतरवून ठेवलेलं होतं, पण आजचं गेलं तर पुन्हा व्हायचं नव्हतं.

“दुसऱ्याच्या बापावर प्रयोग करण्यापेक्षा हे बरं,” वडील लेकीला म्हणाले. “कधी तोडणार ते मात्र सांगू नकोस, ठकू.”

रेकॉर्डिंगच्या खोलीला खिडकी नव्हती. वडील आत बसून वाक्यं वाचू लागले, मधूनच विक्रेत्यालाच लिलावात काढू लागले. बाहेर पडद्यासमोर ताई बसल्या, तेवढ्यात वडिलांना ठसका लागला म्हणून कानावरचे हेडफोन काढून पाण्याचा पेला शोधायला उठल्या. भावजय बोर्डापाशी उभी राहिली आणि तिने खटका खाली ओढला. हात जरासुद्धा कापला नाही. ताईंनी ते पाहिलं आणि या पोरीपुढे आपण हात टेकले, हे स्वतःशी मान्य करून टाकलं.

सर्व्हर एकेक करून निजले. शेवटचा दिवा मालवल्यावर तिने वीज सुरू केली. फाइल उघडली. लिलाव ऐकू आला, ठसकाही ऐकू आला.

“छोटीच पाठवून द्या,” ताईंनी विक्रेत्याला सांगितलं. “आणि बघा, हिच्यासारखं माणूस तुमच्याकडे एखादं असेल तर तेही.”

फाइल अजून चालूच होती. दिवे गेले तेव्हा माइकही मेला, असं वडिलांना वाटलं असावं. तो तर बॅटरीवर जागाच होता. अंधारातला त्यांचा आवाज आला, लिलावाचा मुळीच नव्हे, अगदी हळू.

“गेली वाटतं वीज. बरं झालं. भीती वाटतेय रे देवा. फार भीती वाटतेय.”

वडील दारात उभे होते. त्यांनी मान खाली घातली.

“तेवढं पुसून टाक, ठकू.”

भावजयीने कीबोर्डवरून हात काढला. तिने तो वडिलांच्या खांद्यावर ठेवला.

“नाही पुसणार, बाबा. मलाही तेवढीच वाटतेय. दोघांपैकी एकाने तरी बोलून दाखवलं.”