चौथ्या पडद्यावरचा ठिपका

"हाही परत पाठवा," भिंग डोळ्यावरून काढत काका म्हणाले. "मधोमध, जरासा डावीकडे. ठिपका आहे."

"चौथा, काका?" मालक काउंटरमागून उठलाच. "आधीचे तिन्ही मॉनिटर कंपनीनं आज सकाळी परत पाठवलेत. वर चिठ्ठी, दोष आढळला नाही. आता कुठल्या तोंडानं हा पाठवू?"

"त्यांच्या तपासणाऱ्याच्या डोळ्यांवर झापडं असतील," काका फणकारले.

बावीस वर्षं या दुकानातून एकही मॉनिटर काकांच्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर पडला नव्हता. आधी पांढरा पडदा, मग काळा, लाल, हिरवा, निळा. उजवा डोळा मिटायचा, डाव्यावर घड्याळजीचं भिंग चढवायचं आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पडदा वाचून काढायचा. भिंग वडिलांचं, सवयही त्यांचीच. गिऱ्हाइकं कौतुकानं बघत राहायची आणि काकांना ते मनापासून आवडायचं.

आजचं गिऱ्हाईक म्हणजे एक परिचारिका होती. ड्यूटी संपवून थेट आली होती. "दिवसभर माणसं वाचवते आणि घरी जाऊन गेममध्ये मारते," असं तिनं आल्याआल्याच सांगितलं होतं. काकांनी तिला उलटसुलट विचारून घेतलं. खेळ कसले? अंधाऱ्या बोळांतले, पळापळीचे. मग व्हीए पॅनलचा पडदा नको. त्यातला काळा रंग गडद असतो खरा, पण अंधारात काही झपकन हललं की ते मागे शेपूट सोडतं. आयपीएस पॅनलचा घ्या, सत्तावीस इंची, एकशे पासष्ट हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला एकशे पासष्ट चित्रं. आणि घरातली जुनी एचडीएमआय केबल लावू नका, तिच्यातून एवढा वेग जाणार नाही. तुमच्या कॉम्प्युटरच्या ग्राफिक्स कार्डाला डिस्प्लेपोर्ट आहे, तीच केबल हवी.

तिला सगळं पटलं होतं. एवढ्यात हा ठिपका निघाला.

"कुठे आहे, काका?" पडद्याला नाक लावत तिनं विचारलं. "मला तर काहीच दिसत नाही."

"अहो, हा काय!" काकांनी बोट ठेवलं. मग शर्टाच्या टोकानं भिंग पुसलं, पुन्हा चढवलं. ठिपका होताच. त्यांनी मान हळूच उजवीकडे वळवली. ठिपकाही वळला. पडद्यावरचा मेलेला बिंदू कधी जागा सोडत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

वडिलांनाही पहिला डाग घड्याळाच्या पांढऱ्या तबकडीवरच दिसला होता. ते कितीतरी महिने तबकड्या पुसत बसले. मग तबकडीच दिसेनाशी झाली. शेवटची वर्षं ते खिडकीपाशी बसून बोटांनी चाचपत बारीक स्क्रू निवडायचे, मोठे एका वाटीत, लहान दुसरीत. कुणालाच नको असलेले स्क्रू. ते बघताना काकांना तेव्हा दया यायची. आता भीती वाटली.

परिचारिका त्यांच्याकडेच बघत होती. "काका," ती हलक्या आवाजात म्हणाली, "भिंग ठेवा जरा. डावा झाका. आता बघा."

पडदा स्वच्छ होता.

"आता उजवा."

काकांनी उजवा झाकला आणि ठिपका पुन्हा मधोमध येऊन बसला.

"उद्यावर टाकू नका हं. आजच्या आज डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं. मी येऊ का सोबत?"

"आधी तुमचा मॉनिटर," काका म्हणाले. आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला. त्यांनी भिंग तिच्या हातात दिलं. "आज तुम्हीच तपासा. मी रंग बदलतो. पांढरा. कोपऱ्यापासून सुरुवात करा, घाई नको. आता काळा."

पाचही रंग झाले. "काही नाही, काका. एकदम छान आहे."

काका मालकाकडे वळले. "हा पॅक करा. आणि ते तिन्ही परत मांडा दुकानात. चांगले आहेत ते. चूक माझी."

मालकानं खोकं ओढून घेतलं.

केबलींचं खोकं खालच्या फळीवर असे, एकमेकींत गुंतलेल्या काळ्या केबलींनी भरलेलं. काका त्याच्यापुढे उकिडवे बसले. एरवी ते दिव्याखाली धरून बघायचे. आज त्यांनी दोन्ही डोळे मिटले आणि हात आत घातला. एकीचं टोक अंगठ्यानं चाचपलं. दोन्ही बाजूंनी निमुळतं, एचडीएमआय. ती बाजूला. दुसरीही तीच. तिसऱ्या टोकाचा एकच कोपरा कापलेला होता.

"ही घ्या तुमची डिस्प्लेपोर्ट," ते म्हणाले.

तिनं केबल घेतली, भिंग त्यांच्या तळहातावर ठेवलं आणि ती दाराशी थांबून राहिली. "चला ना, काका."

"आलोच," काका म्हणाले. पण हात अजून खोक्यातच होता आणि अंगठा एकेक टोक चाचपून केबली दोन ढिगांत लावत होता.