शिवबाईंच्या खिळ्यावरची किल्ली

मी किल्ली बोलतेय. शिवबाईंच्या स्वयंपाकघरात, खिडकीशेजारच्या खिळ्यावर लटकायची, तीच. दार मात्र माझं भिंतीपलीकडं, केराबाईंचं. जुळे सोलापुरातलं दोन खोल्यांचं घर, पुढं कढीपत्त्याचं झाड.

केराबाई कुठंही निघाल्या की मला इथं अडकवायच्या. मीटरवाला येवो, पाहुणे येवोत, शिवबाई मलाच घेऊन धावायच्या. माझ्यावाचून त्या घराचं पान हलत नव्हतं. तोरा होता मला, कबूल करते.

नवरा गेल्यावर केराबाई लेकीकडं, सोनालीकडं मोहोळला गेल्या. जावई भला माणूस, पण त्याच्या घरात यांना घास उतरेना. "हितलं घर इकते आन् तितं माजं येगळं दार करते," एवढाच ध्यास.

मग अजिंक्य नावाचा एजंट भेटला. बोलायला गूळच! "मावशी, सहा महिने घर फक्त आमच्या ॲपवर. दुसरा एजंट नको, तुम्हीही परस्पर विकायचं नाही." मेथीची जुडी चार ठिकाणी विचारून घेणारी बाई, पण मोबाईलवर आलेला ओटीपी त्याला वाचून दाखवला. झाली सही!

एका दुपारी अजिंक्यनं माझं कुलूप कापून तसंच दिसणारं नवं लावलं. शिवबाई बाजारात होत्या. मी खिडकीतून बघत होते. नव्या किल्लीला निळा बिल्ला, वर नंबर. ॲपसाठी त्यानं फोटो काढला, त्यातही दाराला तीच! माझा नुसता जळफळाट झाला. काल आलेली सटवी, पावसाळ्यात कडी कुठं अडते ते तरी ठाऊक आहे का हिला? मी रोज म्हणायची, मेलं कुणी फिरकू नये तुझ्याकडं.

आणि कुणी फिरकलं नाही. शिवबाईंच्या भाच्यानं, प्रभुलिंगनं, ओळखीच्या एजंटाकरवी त्याच घराची चौकशी केली, तर अजिंक्यनं चक्क सांगितलं, "टोकन झालंय, घर बुक आहे." त्याला गिऱ्हाईकही स्वतःचंच हवं होतं, दोन्हीकडची दलाली एकट्याला मिळावी म्हणून.

शिवबाईंनी मोहोळला फोन लावला. "केराक्का, घर गेलं व्हय?"

"न्हाय की! कुनी इचारतच न्हाय म्हनतोय त्यो."

दुसऱ्या दिवशी केराबाई पहिल्या एसटीनं आल्या. मला खिळ्यावरून काढलं, पदरानं पुसलं. "चल रं प्रभुलिंग, मीच दावते." मी मनात म्हटलं, बघ गं बिल्लेवाले, मालकीण कुणाला घेऊन निघालीय! नवं कुलूप मी विसरलेच होते.

त्यांनी मला कुलपात घातलं. मी फिरले नाही. पुसून घातलं, उलटं घातलं. प्रभुलिंगनं कुलूप निरखलं, नवं होतं; त्यानं अजिंक्यला फोन लावून दिला.

फोनवर अजिंक्य म्हणाला, "मावशी, करार आहे. ऑगस्टपर्यंत आमच्याशिवाय दाखवता येणार नाही."

"माजं घर, आन् मीच दावू नगं?"

त्या घडीला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, यावी ती सटवी. मला बाजूला सारावं तिनं, पण दार उघडावं.

प्रभुलिंगनं दुसरं घर घेतलं. मला घेऊन केराबाई मोहोळला परतल्या. माणसांनो, ओटीपी सांगायच्या आधी एवढं विचारा, माझ्या दाराची किल्ली माझ्याकडं राहील ना?

परवा सोनाली म्हणाली, "आई, लागतच न्हाय ती किल्ली. कशाला उशाला घेतीस?"

"घर माजं हाय की," केराबाई म्हणाल्या, आणि मला मुठीत धरून भिंतीकडं तोंड करून झोपल्या.