वेराची धावपट्टी

वेरा ट्रेगोवन विमान उडवायला लागली, तेव्हा बाईच्या हाती विमान म्हटलं की पुरुषांना घाम फुटायचा. तिने कोणाला विचारलंच नाही. कर्राबीच्या माळावरची झुडपं उपटून लाल मातीची धावपट्टी केली आणि आजाऱ्यांना शहरातल्या इस्पितळात पोचवू लागली. ती गेली, पट्टी राहिली. माझा नवरा केन छातीत कळ येऊन दोनदा इथूनच विमानाने इस्पितळात गेला आणि दोन्ही वेळा माझ्याशी भांडायला परत आला.

आता नगरपालिकेला वेराचा पुळका आला. तिचा पुतळा उभारायचा, तोही पट्टीच्या मधोमध. म्हणजे पट्टी बंद. माझं डोकंच फिरलं.

"आता डांबरी रस्ता झालाय की, नॅरेल," नगराध्यक्ष ग्रेंजर मला म्हणाले.

"चार तासांचा रस्ता. केनच्या छातीला विचारा, थांबते का तेवढी."

पुतळ्याचा पाया भरायच्या दिवशी सकाळी काँक्रीटची गाडी पट्टीवर येऊन उभी राहिली. आमच्याकडे विमान उतरण्याआधी कोणीतरी हॉर्न वाजवत पट्टीवर गाडी पळवतं आणि कांगारू हाकलतं. हॉर्न ऐकला की माणसानेही पट्टी सोडायची, हे इथलं पोर बोलायच्या आधी शिकतं. मी आणि शेजारची मर्ल आपापल्या गाड्या घेऊन हॉर्न वाजवत सुटलो. काँक्रीटवाला डॅरिल आमच्याच गावचा. त्याने मुकाट गाडी बाजूला घेतली.

ग्रेंजर आकाशाकडे बघत राहिले. "विमान कुठाय?"

"कोणी आजारी पडलं की येईल. तोवर पट्टी मोकळी ठेवतोय."

"दिवसभर?"

"मर्लने मटणाचे सँडविच आणलेत," मी म्हटलं आणि पुन्हा गाडी पळवली.

ऊन चढलं. डॅरिल कासावीस झाला. "साहेब, माल आत घट्ट व्हायला लागलाय. कुठे ओतू?"

"पट्टीवर ओत, अजून कुठे?"

"हॉर्न चालू असताना? आई थडग्यातून उठून कान उपटेल माझे."

"मग ओत कुठेही," म्हणून ग्रेंजर तणतणत गाडीत बसले आणि गेले.

मी हॉर्न थांबवला. पट्टीच्या टोकाला, विमान वळतं तिथे, पुराने मोठा खड्डा पाडला होता. तो बुजवा म्हणून नगरपालिकेला सांगून सांगून आमची जीभ झिजली होती. डॅरिलने सगळा माल त्यात ओतला. डॉक्टरांनी नको म्हटलेलं असूनही केन फावडं घेऊन आला आणि काँक्रीट सपाट करू लागला. मी त्याला अडवलं नाही.

संध्याकाळी ग्रेंजरना निरोप धाडला, "पुतळा तुमच्या ऑफिसात ठेवा. इथे विमानं उतरतात."