चुन्याशिवायची खूण

ऐक, नुसतं ऐक, मध्ये तोंड घालू नकोस. बसवनगुडीतली आपली वसुमती आहे ना, तिच्या घरी काय झालं ते सांगते.

तिच्या अहल्याअक्काचं नवं निळं पोलकं. रविवारी धारवाडची मंडळी अक्काला बघायला येणार म्हणून खास शिवलेलं, घडीसुद्धा मोडली नव्हती. आणि ही वसू तेच घालून कॉलेजच्या गॅदरिंगला गेली! न विचारता. तिथं इडलीची चटणी सांडली ती नेमकी खांद्यावर.

घरी धुवावं तर आई बघणार. धोब्याच्या गाठोड्यात सारावं तर यल्लाप्पा म्हणजे आणखी पंचाईत. नवं कापड दिसलं की तो ओसरीवर बसून सगळ्यांदेखत बिब्ब्याची खूण घालतो, वर ओरडतो, “अम्मा, होसदू! नवं आलंय!” की वसूची आई, अनुसूयाबाई, बाहेर. म्हणजे मेलीच वसू.

मग तिनं ठरवलं, खूण आपणच घालायची. त्यांच्या घराची खूण दोन ठिपके, एक रेघ. ती दिसली की यल्लाप्पा जुनं समजून गप्प धुणार. आईच्या औषधाच्या डब्यातला बिब्बा काढला, दाभणाला टोचला, चिमणीवर धरला. बिब्बा उततो, कातडीवर फोड आणतो, हे ठाऊक होतं, म्हणून आधी हाताला खोबरेल चोपडलं, चांगलं कोपरापर्यंत. आणि गळपट्टीच्या आत, मागच्या बाजूला, दोन ठिपके, एक रेघ. हुबेहूब! फक्त यल्लाप्पा खुणेवर ओला चुना लावून बिब्ब्याची आग मारतो, ते हिच्या डोक्यातच आलं नाही. स्वतःचे हात तेवढे जपले.

पोलकं धुवून आलं, डाग गेला, वसूनं गुपचूप घडी घालून जागेवर ठेवलं, खूश. अक्कानं बसतंय का बघायला घातलं आणि आवडलं म्हणून दिवसभर काढलंच नाही. दुसऱ्या दिवशी मान लालभडक. संध्याकाळपर्यंत पाण्यानं भरलेले फोड, पार गळ्यापर्यंत.

डॉक्टर जटक्यातून, म्हणजे टांग्यातून, आले. मान बघितली, पोलकं मागितलं, गळपट्टी उलटी केली. “बिब्बा उतलाय. बघा, खुणेच्या जागेपासूनच सुरू झालंय. खाजवायचं नाही, नखं कापा. गार पाण्याच्या घड्या ठेवा, हे गुलाबी औषध लावा. आणि ते पोलकं पुन्हा अंगाला नको.”

वसूचे वडील नरसिंहराव असे तापले म्हणून सांगू! यल्लाप्पाला तिथल्या तिथं बोलावलं.

“नंदल्ल, स्वामी! ही खूण माझी नव्हे. चुना लावल्याशिवाय मी कापड सोडत नाही.”

“तुझी नाही? मग काय मी घातली?”

“घरात कुणी...”

“घरात? हात दाखवा गं सगळ्या!”

तिघींनी हात पुढं केले. वसूचे तर लोण्यासारखे, एक डाग नाही. आणि यल्लाप्पाची बोटं? बिब्ब्यानं काळी, आज नव्हे, कायमचीच. झालं. नवं पोलकं धुवायला गेलंच कसं, हे रागाच्या भरात कुणी विचारलंसुद्धा नाही. “उद्यापासून या दारात यायचं नाही. गल्लीतसुद्धा सांगतो, याला कापड देऊ नका म्हणून.”

यल्लाप्पानं रिकामी चादर खांद्यावर टाकली आणि गेला.

मग वसू अक्काच्या उशाशी. घड्या बदल, औषध लाव, वारा घाल. अक्का हसून म्हणते, “धारवाडकरांना म्हणावं, मुलीला मोत्यांचा सर फुकटात आलाय. किती करतेस गं माझं!”

हे मात्र वसूला सोसेना. सगळं भडाभडा सांगून टाकलं, रडत रडत. अक्कानं मानेवरची ओली घडी काढून बाजूला ठेवली. मग म्हणाली, “आत्ता नको बाबांना सांगूस.”

“अगं, पण यल्लाप्पा...”

“धारवाडला काय कळवलंय ठाऊक आहे? धोब्याच्या चुकीनं अंगावर उठलंय, स्वल्प थांबा. आता धाकट्या बहिणीनं केलं म्हणून कळवायचं? काय समजतील ते आपल्या घराला? माझं ठरू दे, मग सांग. मान माझी भाजलीय, वसू. एवढं तरी कर.”

वसू “सरी, बरं” म्हणाली.

आणि आज सकाळी गं, कोपऱ्यावरच्या कृष्णाबाईंच्या दारावरून जाताना त्यांनीच हाक मारली. पायरीवर यल्लाप्पा त्यांचे कपडे बांधत बसलेला.

“काय गं वसू, तुझे बाबा सांगत होते ते खरं? ह्यानंच केलं? बंदच करू म्हणतेय मी.”

यल्लाप्पाचे हात गाठीवरच थांबले. त्यानं वर वसूकडं बघितलं. कृष्णाबाईंनीही बघितलं. वसूनं आपले ते स्वच्छ हात पदराखाली घेतले आणि म्हणाली, “मला काही ठाऊक नाही, मावशी. कॉलेजला उशीर होतोय.” आणि सुटली ती थेट बसस्टॉपपर्यंत, मागं न बघता.

कृष्णाबाईंनी गाठोडं परत आत नेलंय. तेव्हापासून वसू जेवलेली नाही. अक्काला शब्द दिलाय, आणि यल्लाप्पाचे हात डोळ्यांपुढून हलत नाहीत. आता सांग, त्या पायरीपाशी तू असतीस तर काय केलं असतंस?