मागं बसलेला लक्ष्मण

सरलाबाई जीपपुढं आडवी उभी राहिली आणि म्हणाली, आधी माझ्या अंगावरून गाडी घाल, मग खुशाल गॅरेजला ने. सकाळची वेळ, खाडीवरून खारट वारा सुटलेला, आणि चाळीतल्या बाया भरले हंडे खाली ठेवून बघत उभ्या. मी म्हटलं, बघून घ्या गं, फुकटचं आहे तोवर. पण मला बोलायला तोंड कुठलं? गाडी गॅरेजला न्यायचं खूळ माझ्याच तोंडातून निघालेलं ना!

आम्ही सगळी खानदेशातली, साक्रीकडची. सुरतेत पांडेसऱ्याच्या रंगाच्या मिलमध्ये वाफेनं छाती धरली, तेव्हा सरलाबाईच्या दोघा पोरांनी, थोरल्या लक्ष्मणनं आणि धाकट्या सुकलालनं, ते काम सोडलं. एक जुनी जीप घेतली आणि हजीऱ्याच्या अलीकडं खाडीकाठच्या झिंग्यांच्या, म्हणजे कोळंबीच्या, तलावांवर खाद्याची पोती वाहायला लागले. त्यांच्या मागोमाग आम्ही दहा-बारा घरं आलो. इथला चिखल म्हणजे आमच्या काळ्या रानाचा थोरला भाऊ. बैल रुतला तर शिंगं धरून काढावा लागेल असा. जीपची बारकी चाकं रोज रुतायची. मग सुकलालनं पर्वत पाटियाजवळच्या भंगारातून मोठाले, जाड नक्षीचे टायर आणले, स्वतः बसवले आणि नारळ फोडला. चिखलातून गाडी रेड्यासारखी निघायला लागली. पोरगं हरखून गेलं होतं.

चिखल जिंकला, पण पाळ्याचा चढ राहिला होता. खाडीचं पाणी अडवायला मातीचा उंच बांध घातलाय, त्याला आम्ही पाळा म्हणतो. तो चढल्याशिवाय तलावावर जाता येत नाही. गेल्या श्रावणात, टायर बसवल्यावर थोड्याच दिवसांत, लक्ष्मण भरली गाडी घेऊन चढत होता. अर्ध्या चढावर इंजिन बंद पडलं, ब्रेक धरेना, आणि गाडी उलटी खाली गेली ती थेट खाडीत. ओहोटी लागल्यावर त्याला गाडीखालून काढला.

गाडी धुऊनपुसून पुन्हा चालू झाली, पण तेव्हापासून तिला काहीतरी धरलं ते धरलंच. भर असला की त्याच चढावर, त्याच जागी, ती दम टाकायची. जळका वास यायचा आणि मागून कोणी ओढतंय तशी थरथरायची. सरलाबाई म्हणायची, "मना लक्ष्मण मांगे बठेल शे. तोच गाडी धरी ठेवस."

हसू नका. तुम्ही तिथं असता तर तुमचीही बोबडी वळली असती. दिवेलागणीला खाडीतल्या तिवरांच्या झाडीतून धुकं वर यायचं, आणि ही म्हातारी उभ्या जीपच्या मागच्या बाकावर बसून लक्ष्मणशी बोलायची. आज काय शिजवलं, कोणाची पोर नांदायला गेली, सगळं सांगायची. मधेच थांबायची, जसं काही पलीकडून उत्तर येतंय. आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या दिवशी, पितरांची घागर आपण घरात पूजतो, हिनं ती लक्ष्मणच्या नावानं जीपमध्ये मांडली. सुकलाल आईला कधी एका शब्दानं बोलला नाही. उलट चढाला लागला की मागं न बघता पुटपुटायचा, भाऊ, सोड रे.

मागल्या आठवड्यात आम्ही बाया पोत्यांवर बसून तलावावर चाललो होतो. गाडी अर्ध्या चढावर अडली आणि सरसर मागं यायला लागली. एकीनं उडी टाकून चाकामागं दगड घातला म्हणून आज बोलतेय. खाली उतरून मी सुकलालला फाडफाड बोलले. म्हटलं, लक्ष्मणभाऊनं जिवंतपणी मुंगीवर पाय दिला नाही, तो आम्हा बायांना खाडीत लोटेल होय? गाडीत खोट आहे, मिस्त्रीला दाखव. सुकलालचा चेहरा उतरला, पण गाडी गॅरेजला न्यायचं त्यानं ठरवलं.

म्हणून तो सकाळचा तमाशा. सरलाबाईचं एकच म्हणणं होतं, गाडी सुधारली म्हणजे लक्ष्मण जाईल, आणि तिला अजून त्याच्याशी बोलायचंय. शेवटी सुकलालनं तिलाच पुढं बसवून घेतलं. तिला सांभाळायला मी.

योगेंद्र मिस्त्री पर्वत पाटियाचा, बोलणं सगळं हिंदीत. त्यानं गाडी उचलली, अॅक्सल उघडून आतल्या चक्राचे दाते बघितले आणि टायरवर थाप मारली. त्यानं सांगितलं ते माझ्यासारखीलाही कळलं. मोठं चाक म्हणजे मोठं पाऊल. सपाटीला चालून जातं, पण ओझं घेऊन चढावर मोठं पाऊल टाकलं की दम तुटतो. चाक वाढवलं तर त्या बेतानं आतले दातेही बदलावे लागतात, पुढचे आणि मागचे दोन्ही. मोठं चाक ब्रेकलाही जड जातं. मग त्यानं विचारलं, टायर कोणी बदलले?

सुकलाल म्हणाला, मी.

मिस्त्री हसला. "किस्मत अच्छी है तुम्हारी, कोई मरा नहीं."

त्या बिचाऱ्याला काय ठाऊक. सुकलाल तिथंच टायरला हात लावून उभा राहिला. मी सरलाबाईकडं बघायची हिंमत केली नाही. इतकी वर्षं सुरतेत काढल्यावर हिंदी कोणाला कळत नाही?

दाते बदलून झाले, ब्रेकही कसून घेतले. दुसऱ्या दिवशी पोती भरली आणि आम्ही तिघंच निघालो. चढ आला. मी डोळे मिटून घेतले. जीप न थरथरता, न थांबता, सरळ वर जाऊन पाळ्यावर उभी राहिली. मी देवाला हात जोडले, पण सुकलालकडं बघवेना.

सुकलाल उतरला आणि मातीतच बसला. "माय, तो नव्हता मांगे. ते टायर मीच..."

सरलाबाईनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. "कालदी रातले तो मना सपनमा उना व्हता. माय, आते मी जास, म्हने. तो उतरी गया, म्हनीसन गाडी चढनी." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "तुले बी सांगं ना मी सकायले, सुषमा?"

मला तिनं सकाळी काही म्हणजे काही सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, हो मावशी, सांगितलं की.

सुकलाल आईच्या पायाला मिठी मारून रडला. तिनं त्याला रडू दिलं, मग खांद्याला धरून उठवलं. "ऊठ. झिंगा भुक्या शेतस, पोता उतार."

ती मात्र पुन्हा गाडीत बसली नाही, पाळ्यावरून पायी घरी निघाली. मी थोडं अंतर ठेवून मागं गेले. सुकलाल दिसेनासा होईपर्यंत ती ताठ चालली. तिवरांच्या आड गेल्यावर खाली बसली आणि लक्ष्मणचं नाव घेऊन धाय मोकलून रडली. त्याला खाडीतून काढला त्या दिवशीसुद्धा ती अशी रडली नव्हती.