लहरगुरूंची हातपरीक्षा

धाकटीचा उजवा हात खांद्याच्या रेषेत ताठ होता आणि डाव्या हातात तिचा नवा फोन होता. लहरगुरूंनी तिच्या मनगटावर दोन बोटं टेकवली, जरासं दाबलं, आणि हात लुळा पडल्यासारखा खाली आला.

सोसायटीच्या तळमजल्यावरच्या सभागृहात दीडशे माणसं एकदम "अगंबाई!" म्हणाली.

"पाहिलंत?" कानाला अडकवलेल्या माइकमधून लहरगुरू गरजले. "स्वस्त फोन! ऋणलहरी! पेशी झोपी जातात, माउली, पेशी! आता हा धरा." त्यांनी सोनेरी चकती चिकटवलेला आपला 'सिद्ध फोन' तिच्या हाती दिला आणि या वेळी कोपरापाशी दाबलं. हात तसूभरही हलला नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला.

मागच्या दारात उभ्या असलेल्या ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ताई म्हणजे धाकटीची थोरली बहीण, इस्पितळात फिजिओथेरपिस्ट. मोडलेल्या खांद्यांना पुन्हा वर उचलायला शिकवण्यात तिची वीस वर्षं गेली होती. धाकटी घरी बसून एका विमा कंपनीच्या ग्राहकांचे फोन घ्यायची, संगणकावरून, वायफायवर. आठवडाभर तिचा आवाज तुटत होता. साहेबांनी बजावलं होतं, आज चार वाजता चाचणीचा फोन येईल, आवाज पुन्हा तुटला तर उद्यापासून काम बंद. नवरा गेल्यापासून तिचं घर याच कामावर चालत होतं. म्हणून ताई दुपारीच धावत आली, तर घराला कुलूप आणि बहीण इथे व्यासपीठावर.

तो 'विषारी' फोन ताईनेच निवडून दिला होता. बॅटरी दोन दिवस टिकते, दुरुस्तीचं दुकान कोपऱ्यावर आहे, कंपनी चार वर्षं सुधारणा पुरवणार आहे, मग बाकी झगमगाटाचे पैसे कशाला मोजायचे, असा साधा हिशेब. आता धाकटी तो देऊन, वर दुप्पट रक्कम भरून, चकतीवाला फोन घ्यायच्या अर्जावर सही करणार होती.

"थांब!" म्हणत ताई पुढे गेली. "गुरुजी, मीही एक घेईन म्हणते. फक्त एक शंका आहे. फोन कुठला ते दिसतं, म्हणून तर हात पडत नाही ना?"

"लहरींना डोळे नसतात, माउली!"

"मग झाकून करू. दोन्ही फोन द्या."

दीडशे डोकी बघत होती आणि समोर एक गिऱ्हाईक वाढत होतं. गुरूंनी ऐटीत होकार दिला. ताई सोसायटीच्या सचिवांना घेऊन बाहेर गेली. ते निवृत्त पोस्टमास्तर, पार्सल बांधण्यात हात बसलेला. पाच मिनिटांत वर्तमानपत्रात गुंडाळलेली, सुतळीने आवळलेली, आतला आकार कळू नये अशी जाडजूड दोन पुडकी आली. एकावर 'क', दुसऱ्यावर 'ख'.

लहरगुरूंनी डोळे मिटले, पुडक्यांवर तळवा फिरवला, शहारे आल्याचं दाखवलं. "क! क मध्ये जहर आहे!" धाकटीच्या हातात क दिला, दाबलं, हात पडला. ख दिला, दाबलं, हात ताठ. पुन्हा टाळ्या.

"पोस्टमास्तर, सोडा सुतळी," ताई म्हणाली.

क मधून एक चप्पल निघाली. ख मधून दुसरी. दोन्ही लहरगुरूंच्याच, दाराबाहेर काढून ठेवलेल्या. फोन पोस्टमास्तरांच्या खिशात होते.

मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि सभागृहभर खसखस पिकली.

"चपलांनाही लहरी असतात..." गुरू चाचरले.

"डावी जहरी आणि उजवी सिद्ध? मग उद्यापासून लंगडी घालत चाला!" ताईचा आवाज चढला. "अहो, ही परीक्षा मी रोज दहा रोग्यांवर करते. हे बघा." तिने पहिल्या रांगेतल्या व्यायामशाळेच्या मास्तरांना उभं केलं, रिकाम्या हातांनी. मनगटापाशी, न सांगता, झटकन दाबलं. तो दांडगा हात खाली आला. मग "आता ताठ धरा हं" असं सांगून कोपराजवळ दाबलं. हात जागीच राहिला. "दार कडेला ढकललं की सहज लोटतं, बिजागरीजवळ ढकललं की जोर लागतो. एवढंच आहे. यात कसली आलीय लहर?"

"पण यांच्या कवचाने माझी डोकेदुखी थांबली," धाकटीच्या शेजारच्या काकू म्हणाल्या.

"कसलं कवच?"

धाकटीने मान खाली घातली. "राउटरवर घालायची जाळीची पेटी, ताई. मीही घेतलीय. मागच्या रविवारी."

आठवडा! ताईला आता सगळा उलगडा झाला आणि राग आवरेना. "तारेच्या जाळीत राउटर कोंडलास? दिव्यावर डबा उपडा घालायचा आणि उजेड पडत नाही म्हणून रडायचं! आणि तुम्ही हो, गुरुजी! कवच लहरी अडवत असेल तर वायफाय चालणार नाही. वायफाय चालत असेल तर कवच लहरी अडवत नाही. एका विधवेच्या पोटावर पाय देताना तुमच्या पेशी झोपल्या होत्या का?"

उत्तर ऐकायला ती थांबली नाही. चारला दहा कमी होते.

धाकटीला वर तिच्या घरी नेऊन ताईने पेटी उचलून फेकली, राउटर टीव्हीच्या मागून काढून उघड्या फळीवर ठेवला, एकदा बंद करून चालू केला. चारच्या ठोक्याला संगणकावर फोन आला. धाकटी बोलत राहिली, बारा मिनिटं, आणि पलीकडच्याने एकदाही "काय म्हणालात?" असं विचारलं नाही. "उद्या नेहमीच्या वेळेला या," एवढं ऐकून तिने फोन ठेवला आणि तोंड झाकून रडली.

"मी शिकलेली, ताई. तरी फसले."

"लाज त्याला वाटू दे. तू घाबरली होतीस आणि त्याने नेमकी भीती हेरली. पण पुढच्या वेळी कुणी चमत्कार दाखवला की म्हणायचं, झाकून दाखव. तो चिडला, तर समज."

धाकटीने डोळे पुसले आणि तडक सभागृहातून परतलेल्या शेजारच्या काकूंची बेल वाजवली.

"काकू, कवच काढा."

"राहू दे गं. एवढे पैसे घातलेत. असेल त्यात काहीतरी."

ताई भडकून काही बोलणार, तोच धाकटीने तिला हाताने थांबवलं. "काकू, माझं ऐकू नका, ताईचंही नको. काकांना सांगा, रोज सकाळी तुम्हाला न दाखवता नाणं उडवायचं. छापा आला तर राउटर पेटीत, काटा आला तर पेटीशेजारी. दोन्हीवर त्यांना कापड घालू दे, तुम्ही आत डोकावू नका आणि महिनाभर वायफाय वापरू नका, नाहीतर लगेच कळेल. कुठल्या दिवशी डोकं दुखलं ते तुम्ही लिहा, राउटर कुठे होता ते काका लिहितील. महिन्याने दोन्ही कागद शेजारी ठेवा. मग घाला नाहीतर काढा, तुमचं तुम्ही ठरवा."

काकूंनी आत वळून हाक मारली, "अहो, एक वही द्या बघू."